सणाची खेळण्यातली रेल्वे मूळ गाडीपासून किती लांब गेली तर चालेल?

हळदपेठ (सांगली)

नमस्कार मंडळी. दिवाळीला माझा भाऊ मिशिगनहून येतोय आणि बॅगेत एका खोक्यापुरती जागा तुझी, असं म्हणालाय. त्या खोक्यात काय यावं हे माझं ठरत नाहीये, म्हणून हा धागा.

माझ्याकडे लायोनेल या अमेरिकन खेळणी-रेल्वे कंपनीचा 'पोलर एक्स्प्रेस'चा ओ गेज (खेळण्यातल्या रुळाचं एक ठरलेलं माप) सेट आहे. इंजिन, टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा), दोन प्रवासी डबे आणि सगळ्यात मागे उघड्या सज्जाचा ऑब्झर्वेशन डबा. मुलगा लहान असताना भावानेच पाठवलेला. मुलगा आता कॉलेजात आहे, गाडी माझ्याकडे आहे. दिवाळीत विश्रामबागेतल्या आमच्या अंगणात पोरं किल्ला करतात आणि किल्ल्याभोवती फळ्या टाकून मी रूळ मांडते. नाताळची गाडी दिवाळीला कशी, असं पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी विचारलं होतं. आता त्याच काकू नातवाला घेऊन संध्याकाळी येऊन बसतात. सणाची गाडी आहे, सणाला धावते, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

माझी अडचण वेगळी आहे. हा सेट ज्या सिनेमावरून केलाय (२००४ चा), तो मी मुलाबरोबर इतक्या वेळा पाहिलाय की गाडीतली प्रत्येक वस्तू नकळत ताडून बघितली जाते. इंजिनाला चाकं बरोबर आहेत, पुढे दोन, मध्ये मोठी आठ, मागे चार. पण इंजिन आखूड आहे. डबे तर फारच आखूड. सिनेमात डब्यात मुलांच्या दोन रांगा आरामात बसतात, माझ्या डब्याला मोजक्या खिडक्या. ते मी सोडून दिलं होतं. आता भावाने जोड-डब्यांची जी यादी पाठवलीय ती बघून मात्र विचारात पडले. गरम चॉकलेटचा डबा आहे, सांताच्या पत्रांचा टपालडबा आहे, त्याच नावाने त्याच रंगात बंद मालडबेसुद्धा आहेत. सिनेमात या गाडीला मालडबा कुठे आहे? मुलांना उत्तर ध्रुवावर न्यायला निघालेली गाडी मालडबा कशाला ओढेल?

माझा मुलगा म्हणतो, "आई, खेळणं आहे, जे आवडेल ते घे." मला ते पटत नाही. खेळणं आहे म्हणूनच तर ते नीट असावं असं वाटतं. ज्यांच्या घरी अशा गाड्या आहेत, किंवा जे स्वतः मॉडेलं करतात, त्यांनी सांगा: मूळ गाडीपासून फारकत कुठपर्यंत चालवून घ्यावी? आणि खोक्यात काय मागवू?

माहुलीकर (सातारा)

ताई, प्रश्न मनापासून आवडला. मी एचओ मापात मॉडेलं करतो, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. सातारा भागातलं मीटर गेजचं जुनं स्टेशन, १९७१ च्या आधीचं, ते करायला घेतलंय. मीटर गेज असल्यामुळे रूळ १२ मिलिमीटरचा. तेव्हा मापाच्या बाबतीत मी कडक आहे हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही 'मूळ' म्हणता ते मूळ कुठलं हे आधी ठरवा, कारण या गाडीला तीन मुळं आहेत. १९८५ चं चित्रांचं पुस्तक, मग सिनेमा, आणि त्या सिनेमाच्या मागे एक खरं इंजिन. पेरे मार्क्वेट रेल्वेचं १२२५ नंबरचं, १९४१ साली ओहायोतल्या लायमा कारखान्यात बनलेलं. चाकांची मांडणी २-८-४, तिला तिकडे बर्कशायर म्हणतात. सिनेमावाल्यांनी याच इंजिनाची ड्रॉइंगं घेतली आणि आवाजही याचेच रेकॉर्ड केले. नंबर बघा, १२-२५, अमेरिकन पद्धतीने वाचलं तर २५ डिसेंबर. हा योगायोग आहे, नंबर आधीचा.

आता माप. ते इंजिन टेंडर धरून १०१ फूट लांब आहे. ओ म्हणजे १:४८, म्हणजे तुमच्या टेबलावर ते सव्वापंचवीस इंच भरायला हवं. तुमचं किती भरतं मोजा. दीड फुटाच्या आगेमागे असेल. सेटबरोबर येणारा गोल ३६ इंच व्यासाचा असतो, तेवढ्या वळणात खऱ्या मापाचं इंजिन नीट वळणार नाही. म्हणून आखूड केलंय. ही फारकत गरजेपोटी आहे आणि ती मी मान्य करतो. रुळांचंही तसंच. ओ गेजचा रूळ सव्वा इंच, त्याला ४८ ने गुणा, ६० इंच येतात. अमेरिकेतला खरा रूळ साडेछप्पन्न इंचांचा. आपला ब्रॉडगेज ६६. म्हणजे हा रूळ तिकडचाही नाही आणि इकडचाही नाही. शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ हे असंच चाललंय.

मला राग येतो तो दुसऱ्या प्रकाराचा. चार चाकांचं कुठलंही शंटिंगचं इंजिन घ्यायचं, त्याला लाल-हिरवा रंग मारायचा, टेंडरवर सांताचा चेहरा चिकटवायचा आणि गाडीला एक्स्प्रेस म्हणायचं. इंग्लंड-अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांनी नाताळचे सेट असे काढलेत. तिथे सोडून जायला मूळच नाही. तुमच्या सेटमध्ये निदान आठ मोठी चाकं खरी आहेत, आणि चाकांना जोडणारा कपलिंग रॉडही त्या आठांवर फिरतो. रात्री गाडी हळू चालवा आणि नजर फक्त त्या रॉडवर ठेवा. तिथे ती खेळण्यासारखी राहत नाही.

मालडब्यांबद्दल माझं मत तुम्हाला उलटं वाटेल. १२२५ मुळात मालगाडी ओढायलाच बनलं होतं. त्या रेल्वेची ही सगळी बर्कशायर इंजिनं जलद मालगाड्यांसाठी होती. तेव्हा खऱ्या इंजिनाला प्रमाण मानलंत तर मालडबेच बरोबर, आणि प्रवासी डबे ही सिनेमाने घेतलेली मोकळीक. पण सिनेमाला प्रमाण मानलंत तर मालडबा बाद. दोन्हींची खिचडी करू नका. एक मूळ धरा आणि त्याला चिकटून राहा.

आणि भाऊ मिशिगनमध्येच आहे तर त्यांना सांगा, १२२५ तिथेच ओवोसो गावात आहे, स्टीम रेलरोडिंग इन्स्टिट्यूटमध्ये. चालू स्थितीत ठेवलंय, नाताळच्या सुमाराला प्रवासी घेऊन धावतं. तुमच्यासाठी शिट्टीचा आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगा.

वाळवेकरीण

ताई, एक गोष्ट लगेच सांगते, नाहीतर पैसे फुकट जातील. त्याच नावाचा बॅटरीवर चालणारा सेटही मिळतो, प्लास्टिकच्या रुळांचा. आमच्याकडे तो आहे. खोक्यावरचं चित्र जवळजवळ सारखंच, पण त्याचे डबे तुमच्या रुळावर बसत नाहीत, माप वेगळं. भावाला फक्त "पोलर एक्स्प्रेसचा डबा" असं सांगू नका. "ओ गेज" हे शब्द सांगा आणि खोक्यावर वाचून घ्यायला सांगा.

बाकी तुमच्या प्रश्नावर माझ्या पाच वर्षांच्या मुलीचं मत: कंडक्टर बोलला पाहिजे आणि घंटा वाजली पाहिजे. मालडबा असला तरी तिला चालेल, पण त्यात काय भरलंय हे सांगता आलं पाहिजे. रिकामा डबा ती चालवून घेत नाही.

मिरज केबिन

मी मिरजेला केबिनवर होतो, आता घरी असतो. खेळण्यातल्या गाड्यांचं मला फार कळत नाही, पण सणाच्या गाड्यांचं कळतं. मिरजेएवढ्या सणाच्या गाड्या आपल्या भागात दुसऱ्या कुठल्या स्टेशनाने बघितल्या नसतील.

माहुलीकर म्हणतात खिचडी करू नका. अहो, सणाची गाडी म्हणजे खिचडीच असते. मिरजेत एके काळी तिन्ही गेज होते, ब्रॉड, मीटर आणि पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. ती १९२७ ला मिरजेपर्यंत आली. माझे वडील तिच्यावर पॉइंट्समन होते. आषाढीला माणसं इतकी यायची की नेहमीची गाडी पुरायचीच नाही. मग जे डबे हाताशी असतील ते लागायचे. मालाचे बंद डबेसुद्धा झाडून-धुऊन लावायचे आणि त्यात वारकरी बसायचे. वडील सांगायचे, दाराला आडवा बांबू बांधलेला, आत खाली बसलेल्या बाया, आणि गाडी हलायच्या आधी आतून विठ्ठलनामाचा गजर सुरू. यात्रेच्या गर्दीला मालडबे लावणं हे सगळ्या देशातच चालायचं, त्यावर त्या काळात तक्रारीही पुष्कळ झाल्या. सोय नव्हतीच ती, माणसांचे हालच होते. पण गाडी सणाची होती यात कुणाला शंका नव्हती.

तेव्हा ताई, मालडबा सणाच्या गाडीत शोभत नाही हे माझ्या गळी उतरत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. तुम्ही डबा जोडणार कुठे? तो उघड्या सज्जाचा डबा शेवटचा आहे म्हणता. त्याच्या मागे काहीही जोडायचं नाही. तिथून मागचा रूळ दिसला पाहिजे, त्यासाठीच तो सज्जा केलेला असतो. आमच्याकडे शेवटच्या डब्याला एल. व्ही. चा (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) बोर्ड आणि रात्री लाल दिवा असायचा. गाडी केबिनसमोरून गेली की आम्ही आधी तो बघायचो. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, मधे कुठे तुटून डबे मागे राहिले नाहीत. तो बघितल्याशिवाय मागच्या स्टेशनाला लाइन क्लिअर, म्हणजे पुढची गाडी सोडायची परवानगी, द्यायची नाही. माझ्या नोकरीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच होती. मिक्स गाडीत माल इंजिनामागे आणि माणसं त्याच्या मागे, गार्ड शेवटी. हा क्रम मोडू नका. मग तुम्ही टाकी लावा नाहीतर उघडी वाघीण लावा, मी तिला गाडी म्हणेन.

मी खेळण्यांच्या दुकानात मुलांच्या गाड्या बघतो, गार्डाचा डबा मधेच आणि मागे मालडबे लोंबतायत. ते मला बघवत नाही.

माहुलीकर (सातारा)

काका, शेवटच्या डब्याबद्दल शंभर टक्के मान्य. माझ्या मीटर गेजच्या गाडीला टेल लॅम्प आहे, पण एल. व्ही. चा बोर्ड राहिलाय. करतो.

मालडब्यांबाबत मात्र अजून अडतंय. वारीच्या गाडीला मालडबे लागले ते गर्दी होती म्हणून. त्यामागे कारण आहे. लायोनेलने मालडब्यावर तेच नाव छापलं त्यामागे गोष्टीतलं कारण काय? माझा मुद्दा एवढाच आहे.

हळदपेठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस तुमचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. इंजिन मोजलं, टेंडर धरून दीड फुटाच्या थोडंसं वर भरलं. वाळवेकरीण, तुम्ही सांगितलेलं "ओ गेज" भावाला मोठ्या अक्षरांत पाठवलंय.

माहुलीकर, एकच मूळ धरा हे मला पटलं नाही, पण तुमचा "कारण काय?" हा प्रश्न फार उपयोगी पडला. त्या प्रश्नाने मी यादी परत बघितली. गरम चॉकलेट सिनेमात आहे. वेटर नाचत नाचत येतात आणि मुलांना कप देतात. ते चॉकलेट गाडीत कुठेतरी तयार झालंच असणार. म्हणजे तो डबा सिनेमात ठळक नसला तरी सिनेमाला हवा आहे. तसा डबा केला तर त्यात मूळ सोडलं असं मला वाटत नाही, उलट मूळ वाचून पुढचं ओळखलंय. टपालडब्याचं तितकं नाही. मुलांची पत्रं या गाडीने जातात असं सिनेमात कुठे येत नाही, पण जाऊ शकतात, म्हणून तो काठावर. आणि मालडब्यावर नुसतं नाव छापलंय. आत काय आहे हे वाळवेकरणींच्या मुलीला मी सांगू शकणार नाही. म्हणून तो नको.

अजून एक गोष्ट इथे कुणी काढली नाही ती काढते. आपण सगळे इंजिनाची लांबी आणि डब्यांच्या खिडक्या मोजतोय, पण माझ्या रुळाला मधोमध तिसरा रूळ आहे! लायोनेल १९०६ पासून तसाच रूळ करतंय, मधल्यातून वीज येते. जगातली कुठलीच बर्कशायर अशा रुळावर धावली नाही. गाडी सुरू झाली की तो तिसरा रूळ मला दिसेनासा होतो. आखूड डबा मात्र दर फेरीला दिसतो. असं का, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं रूळ ही गाडी चालायची सोय आहे, तो गोष्टीत नाहीच. डबा गोष्टीत आहे. त्यात मुलगा बसलाय, खिडकीतून बाहेर बघतोय. जे गोष्टीत आहे ते बदललं की मला बोचतं. जे गाडी हलण्यासाठी लागतं ते बदललं तर नाही.

म्हणून ठरलं असं: गरम चॉकलेटचा डबा एक, आणि जागा उरली तर अजून एक प्रवासी डबा. चॉकलेटचा डबा टेंडरच्या लगेच मागे लागेल, काका. सज्जाचा डबा शेवटीच राहील, आणि त्याला लाल दिवा आहे का ते आजच बघते.

काका, तुमचा बांबू बांधलेला डबा मात्र डोक्यातून जात नाहीये. तो लायोनेलच्या गाडीला लावणार नाही. त्याची वेगळी गाडी करायचीय. बार्शी लाइटची आषाढीची गाडी. किल्ल्याच्या दुसऱ्या बाजूने, स्वतःच्या रुळावर. पण एवढा छोटा रूळ आणायचा कुठून?

माहुलीकर (सातारा)

ताई, हे सगळ्यात सोपं आहे! बार्शी लाइटचा रूळ अडीच फुटांचा, म्हणजे ३० इंच. अमेरिकेत एक प्रकार चालतो, ऑन-३०, म्हणजे १:४८ च्या मापात बरोबर ३० इंचांची छोटी गाडी. ती साध्या एचओच्या रुळावर चालते. ७६२ मिलिमीटर भागिले ४८ म्हणजे १५.९, आणि एचओचा रूळ १६.५. अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं वर फरक येतो, तो मीसुद्धा सोडून देतो. मुख्य म्हणजे १:४८ हेच तुमच्या लायोनेलचं माप. किल्ल्याच्या एका बाजूला मोठी गाडी आणि दुसऱ्या बाजूला छोटी, दोन्हींतली माणसं सारख्याच उंचीची दिसतील. बॅकमन कंपनी ऑन-३० करते. त्यांचा साधा बंद मालडबा आणलात तर खालचा बोगी-चाकांचा भाग वापरता येईल, वरचं अंग कार्डशीटचं करू.

इंजिन मात्र अवघड. बार्शी लाइटची पहिली इंजिनं किटसन कंपनीची, ०-८-४, टाकी अंगावरच असलेली. कॅल्थ्रॉपसाहेबाने ती रेल्वे आखताना एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको असं धरलं होतं, म्हणून वजन एवढ्या चाकांवर वाटलंय. तयार मॉडेल मिळणार नाही. पहिल्या वर्षी दुसरं कुठलं तरी छोटं इंजिन लावून चालवा. मी एरवी असं कुणाला सांगत नाही, पण डबे बरोबर असले तर या गाडीला ते चालेल. लोक त्या गाडीत बांबूच्या मागे बसलेल्या बायाच बघतील.

मिरज केबिन

ताई, डब्याचं दार सरकतं ठेवा, बिजागरीचं नको. बांबू दाराच्या बाहेरून, साधारण बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. दोन्ही बाजूंना सुंभाने बांधलेला. आतल्या माणसांकडे पताका द्या, पण त्या दाराबाहेर फार काढू नका, सिग्नलच्या खांबाला लागतात. इंजिनावर हार घाला, चिमणीच्या खाली, दिव्याला झाकेल असा नको. आणि शेवटच्या डब्याला गार्ड हवाच, पांढऱ्या कपड्यात, हातात हिरवा झेंडा.

वाळवेकरीण

मुलगी विचारतेय, त्या डब्यात मुलं पण बसायची का?

मिरज केबिन

बसायची की. आईच्या मांडीवर, नाहीतर बोचक्यांवर. माझी आत्या तशीच गेली होती पंढरपूरला, सहा वर्षांची असताना. तिला गाडीतलं दुसरं काही आठवत नव्हतं, पण कवठेमहांकाळला कुणीतरी डब्यात भाजक्या शेंगांची पाटी चढवली हे आठवत होतं. ताई, एक पाटी शेंगांची ठेवा डब्यात.

हळदपेठ (सांगली)

ठेवते, काका. माहुलीकर, बॅकमनच्या डब्याचं नेमकं नाव आणि लांबी इथेच लिहा, भाऊ शनिवारी दुकानात जाणार आहे. कार्डशीट मी सांगलीतून घेते. जाडी किती घेऊ, एक मिलिमीटर की दीड?

माहुलीकर (सातारा)

भिंतींना एक, तळाला दीड. छताला दोन थर चिकटवा, नाहीतर दिवाळीच्या थंडीत रात्री दव पडलं की वाकतं. डब्याचं नाव आणि लांबी उद्या सकाळपर्यंत टाकतो.